टाटांचा भाचा, बॅटरसीचा खासदार : शापुरजी सकलातवाला

थेम्सकाठी

गेल्या रविवारी वॉटर्लूहून गाडी पकडून ब्रुकवुडला जाऊन आलो. लंडनच्या स्मशानांत जागा पुरेना म्हणून १८५४ साली सरे परगण्यात ही प्रचंड दफनभूमी सुरू झाली. एके काळी वॉटर्लूहून इथवर खास प्रेतांची गाडी यायची. आत शिरलं की उंचच उंच सिकोया, पायाखाली ओल्या सुयांसारख्या पानांचा थर, आणि एका बाजूला पारशांची जागा. जमशेटजी टाटा तिथे आहेत. १९०४ मध्ये जर्मनीत ते वारले आणि त्यांना इथे आणलं. मी मात्र त्यांच्या बहिणीच्या मुलासाठी गेलो होतो. त्याचं दहन लंडनमध्ये झालं आणि अस्थी इथे पुरल्या. शेवाळलेल्या दगडांवरची अक्षरं बोटाने चाचपत वाचावी लागतात.

शापुरजी सकलातवाला. जन्म २८ मार्च १८७४, मुंबई. आई जेरबाई ही जमशेटजींची बहीण. पोरवयातला काही काळ फोर्टातल्या एस्प्लनेड हाउसमध्ये, म्हणजे मामाच्या घरी गेला. शिक्षण सेंट झेवियर्समध्ये. पुढे टाटांच्या कामासाठी हा माणूस लोखंड, कोळसा, चुनखडी शोधत जंगलं तुडवत हिंडला. आज जमशेदपूरच्या कारखान्याचं नाव सगळे घेतात, पण तो उभा राहण्याआधी ज्यांनी रानात तापाने फणफणत खडक तपासले, त्यांत हेही होते. मलेरियाने शरीर पोखरलं. १९०५ मध्ये ते इंग्लंडला आले. हवापालटासाठी डर्बीशायरमधल्या मॅटलॉकला राहिले, आणि तिथल्या जलोपचाराच्या हॉटेलात वाढपी म्हणून काम करणाऱ्या सॅली मार्श यांच्याशी १९०७ मध्ये लग्न केलं.

हा सगळा तपशील मी मुद्दाम देतोय. यानंतर पंधरा वर्षांनी, म्हणजे १९२२ मध्ये, हाच माणूस लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेला. तो मजूर पक्षाचा उमेदवार होता आणि त्याच वेळी कम्युनिस्ट पक्षाचा सभासदही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी आले, १८९५ मध्ये बेथनल ग्रीनमधून मंचरजी भावनगरी आले, आणि मग हे तिसरे. तिघेही पारशी. पण दादाभाई उदारमतवादी, भावनगरी हुजूर पक्षाचे, आणि तिसरा थेट लाल बावट्याचा.

आजचं बॅटरसी म्हणजे वीजकेंद्राच्या चार चिमण्यांजवळचे महागडे फ्लॅट. १९२२ मध्ये त्या चिमण्या नव्हत्या, त्यांचं बांधकामच १९२९ ला सुरू झालं. तेव्हा इथे नाइन एल्म्सचं रेल्वेचं आवार होतं, गॅसचा कारखाना होता आणि मजुरांच्या घरांच्या एकसारख्या रांगा होत्या. बरो कौन्सिलने १९०३ मध्येच स्वतः मजुरांसाठी वसाहत बांधली होती. १९१३ मध्ये इथल्या नगरसेवकांनी जॉन आर्चर यांना महापौर केलं. त्यांचे वडील बार्बाडोसचे आणि ते स्वतः कृष्णवर्णीय. हेच आर्चर पुढे सकलातवालांचे निवडणूक प्रतिनिधी झाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी लंडनच्या एका कामगार वस्तीत मुंबईचा पारशी उभा राहतोय, त्याची निवडणूक एक काळा माणूस चालवतोय आणि गोरे रेल्वे कामगार त्यांच्यासाठी दारोदार फिरताहेत. मला हे चित्र अजूनही सुटत नाही.

आता मुद्द्याचं. त्यांच्याबद्दल लिहिताना लोक ‘भारताच्या स्वातंत्र्यासाठी पार्लमेंटात भांडले’ एवढं लिहून मोकळे होतात. भांडले, खरंच. आयर्लंडच्या करारालाही त्यांनी निवडून आल्या आल्या विरोध केला. पण त्यांचा खरा हिशोब मजुरीचा होता. ते इंग्रज कामगाराला सांगत की बाबा रे, मुंबईच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या माणसाला आणि हुगळीकाठच्या ताग गिरणीतल्या बाईला जोवर एवढं कमी मिळतंय, तोवर लँकेशायरच्या कापड गिरणीतली आणि डंडीच्या ताग गिरणीतली तुझी मजुरी टिकणार नाही. तुझाच मालक भांडवल घेऊन तिकडे जाईल. डंडीत तेच झालं होतं. स्कॉटिश पैसा कलकत्त्याला गेला, गिरण्या तिकडे उभ्या राहिल्या आणि डंडीत ताग विणणारे रिकामे बसले. सकलातवाला हे कॉमन्समध्ये सांगू शकत होते, कारण कापसाच्या धंद्याचे आकडे त्यांना आतून ठाऊक होते. खासदार असतानाही ते टाटांच्या लंडन कचेरीत नोकरीला होते. १९२५ मध्ये ती त्यांनी सोडली.

हिंदी माणसावर दया करा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. तुमचं आणि त्याचं पगाराचं पाकीट एकाच हिशोबाचं आहे, हे सांगितलं. मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं. चर्चेसाठी धागा काढला आहे. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

गिरणगावची लेक

दादा, मनापासून आभार. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. १९२८ चा संप आमच्या घरात आजीच्या तोंडून ऐकलेला. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळपास सहा महिने, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर. आजी सांगायची, गावाला जाणाऱ्या बोटी भरून गेल्या, आणि जे राहिले त्यांनी वाण्याकडे भांडी ठेवून दिवस काढले. तांब्याचा हंडा गेला तो परत आलाच नाही. तिला संपाची तारीख आठवायची नाही, हंडा मात्र आठवायचा, त्याच्या गळ्याला पोचा होता हेसुद्धा.

एका कामगाराकडे दोनाऐवजी तीन साचे द्यायचे, माणसं कमी करायची, हे तेव्हाचं मुख्य दुखणं. मालक म्हणायचे, लँकेशायर बघा, जपान बघा, तिकडे एक माणूस किती साचे बघतो. तुम्ही लिहिलंय तो हिशोब मालकांनी पुरेपूर ओळखला होता, फक्त उलट्या बाजूने वापरला. म्हणून वाटतं, की तोच हिशोब कामगाराच्या बाजूने मांडणारा, तेही टाटांच्या घरातून आलेला माणूस तिकडे पार्लमेंटात बसला होता, हे आजोबांच्या पिढीला कितपत ठाऊक असेल?

थेम्सकाठी

ताई, हंड्याची आठवण लिहिलीत, फार बरं केलंत.

ठाऊक होतं, निदान चळवळीतल्या लोकांना नक्की. सकलातवाला १४ जानेवारी १९२७ ला मुंबईत उतरले आणि एप्रिलपर्यंत देशभर हिंडून सभा घेत राहिले. मार्चमध्ये दिल्लीला आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या अधिवेशनालाही हजर होते. मुंबईतला कामगार-शेतकरी पक्षही त्याच सुमाराचा. पुढल्या वर्षी तुमच्या आजोबांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि मार्च १९२९ मध्ये कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, सगळे आत. त्यांच्याबरोबर स्प्रॅट आणि ब्रॅडली हे इंग्रजही, आणि काही महिन्यांनी हचिन्सन हा तिसरा. इंग्लंडमध्ये मीरतच्या कैद्यांसाठी आवाज उठवणाऱ्यांत सकलातवाला होते. मात्र तोवर त्यांना स्वतःला भारतात पाऊल ठेवता येत नव्हतं. १९२७ च्या दौऱ्यानंतर सरकारने त्यांच्या पासपोर्टवरचा भारताचा परवाना काढून घेतला. १९२९ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं, त्यांनीही तो परत दिला नाही. जन्मगावी ते पुन्हा कधीच येऊ शकले नाहीत.

हरकतीचा मुद्दा

लेख आवडला. पण थोडं दुसऱ्या बाजूने.

सकलातवालांची तळमळ मान्य. तरी १९२९ मध्ये ते का हरले, हे लिहायला हवं होतं. १९२४ ला ते कम्युनिस्ट म्हणून उभे राहिले तरी बॅटरसीतल्या मजूर पक्षाच्या शाखेने वरच्यांचं न ऐकता त्यांना पाठिंबा दिला. साडेपाचशेच्या आतल्या मताधिक्याने का होईना, पण निवडून आले. पुढे मजूर पक्षाने ती शाखाच बाहेर काढली. नंतर मॉस्कोकडून धोरण आलं की मजूर पक्ष हाही शत्रूच. सकलातवालांनी ते धोरण उचललं. १९२९ मध्ये मजूर पक्षाने आपला उमेदवार दिला आणि हे तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. साडेसहा हजार मतं. आणि तुम्ही ज्या चित्राबद्दल लिहिलंत त्या चित्रातले आर्चर तेव्हा कुठे होते? मजूर पक्षाच्या उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून समोरच्या बाजूला. बॅटरसीतली एकजूट बाहेरच्या सरकारनेच मोडली असं नाही. ह्यांनी स्वतः ज्या पक्षाची शिस्त पाळली, त्या पक्षानेही ती मोडली.

ज्याला स्वतःचं डोकं होतं, त्याने दुसऱ्या देशातून आलेल्या फतव्यापुढे मान का तुकवावी? मला हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात क्लेशकारक पान वाटतं.

थेम्सकाठी

तुमचं बरोबर आहे. आर्चर समोरच्या बाजूला होते हे मला माहीत होतं आणि ते लिहायचं मी टाळलं. चित्र सुंदर राहावं म्हणून टाळलं, हे कबूल करतो. ते टाळायला नको होतं.

फक्त एक, मान तुकवणारा माणूस म्हणून मला ते पटत नाहीत. १९२६ बघा. मे दिनाला हाइड पार्कमध्ये त्यांनी भाषण केलं. सार्वत्रिक संप दोन दिवसांवर होता. सैन्यातल्या तरुणांना ते म्हणाले, कामगारांवर गोळी झाडू नका. ४ मेला, संपाच्या पहिल्याच दिवशी, अटक. पुढे चांगल्या वर्तणुकीची हमी द्या, जामीनदार आणा, म्हणजे सोडतो, असं कोर्टाने सांगितलं. त्यांनी हमी द्यायला साफ नकार दिला आणि दोन महिने वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात काढले. वय बावन्न, तब्येत आधीच मलेरियाने खाल्लेली, घरी पाच मुलं. एक सही केली असती तर त्याच संध्याकाळी घरी गेले असते.

आणि पक्षासमोरही ते वाकले नाहीत, त्याचा एक पुरावा आहे, तो कुणीतरी लिहील अशी वाट बघतोय.

वाळकेश्वरी

मी लिहिते! तुम्ही नवजोताबद्दल म्हणताय ना?

जुलै १९२७. भारतातून परत येऊन तीन महिने झालेले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये सकलातवालांनी आपल्या पाचही मुलांची नवजोत केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नवजोत म्हणजे पारशी मुलाला सदरा आणि कस्ती देऊन धर्मात घेण्याचा विधी. अंगात मलमलीचा सदरा, कमरेला लोकरीची कस्ती, दस्तुरांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मागोमाग प्रार्थना म्हणायच्या. आमच्या शेजारच्या आंटीच्या नातीची नवजोत मी लहानपणी पाहिली आहे. कस्तीच्या गाठी मारताना त्या पोरीची जीभ बाहेर आली होती, एवढं लक्ष लावून ती करत होती.

कम्युनिस्ट खासदार, आणि मुलांची नवजोत! पक्षाने त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. त्यांनी विधी रद्द केला नाही आणि पक्षही सोडला नाही.

यात आणखी एक पदर आहे. सॅलीबाई पारशी नव्हत्या. अशा मुलांना धर्मात घ्यावं की नाही यावर मुंबईत रणं झालेली. रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे जेआरडींचे वडील, यांनी फ्रेंच पत्नीला धर्मात घेतलं, त्यावरून खटला उभा राहिला आणि १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला. त्यात बाप पारशी असेल तर त्याच्या मुलांना जागा आहे, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. म्हणजे टाटांच्याच नात्यातल्या एका लग्नावरून गेलेल्या खटल्याने सकलातवालांच्या मुलांची वाट मोकळी केली होती. मला तो विधी करायचा त्यांचा हट्ट फार समजतो. परक्या देशात, परक्या हवेत, मुलांना आपण कोण हे सांगायचं तर काहीतरी हातात द्यावं लागतं.

मुक्काम सोलापूर

गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता, त्यावर कुणी लिहिलं नाही अजून.

मार्च १९२७ मध्ये सकलातवालांनी गांधीजींना जाहीर पत्र लिहिलं. सुरुवातच ‘कॉम्रेड गांधी’ अशी. चरखा नको, कामगारांची संघटना बांधा. लोक तुमच्या पाया पडतात ते थांबवा, ‘महात्मा’ ही पदवी टाका. अहमदाबादचा मजूर महाजन, म्हणजे तुमच्या विचाराची गिरणी कामगारांची संघटना, आयटकपासून वेगळा का ठेवता? अशी ती सगळी धार. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात उत्तर दिलं. ते उत्तर ज्याने वाचलं नाही त्याने जरूर वाचावं. सकलातवालांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि गरिबांबद्दलच्या कळकळीबद्दल गांधीजी आधी मोकळेपणाने लिहितात आणि मग सांगतात की भांडवल हा श्रमाचा शत्रू आहे असं मी मानत नाही, दोघांचा मेळ बसू शकतो.

मी हातमागाच्या घरातला आहे. वडिलांनी आयुष्यभर चादरी विणल्या. दोघांचं वाचताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. चरख्याने पोट भरत नाही हे सकलातवालांचं म्हणणं आमच्या घराला पटेल. पण गिरणी आली म्हणून ज्या हातांचं काम गेलं, त्यांच्याकडे बघणारा गांधीजींशिवाय कोण होता? सकलातवालांच्या हिशोबात गिरणीतला कामगार आहे, घरात बसून विणणारा कुठे आहे? थेम्सकाठी, यावर तुमचं मत हवं आहे.

थेम्सकाठी

वाळकेश्वरी, अगदी हेच. १९०८ च्या निकालाचा धागा मी जोडला नव्हता, तुम्ही जोडलात.

मुक्काम सोलापूर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. कारखाना येणार, तो थांबणार नाही, मग त्यातल्या माणसाला संघटित करा, ही सकलातवालांची धारणा. ते पोलाद कारखान्याच्या पायाभरणीतून आलेले. यंत्राला विरोध त्यांच्या रक्तातच नव्हता. विणकराचं दुःख त्यांच्या नजरेच्या कडेला राहिलं, हे मान्य करायला हवं. १९२७ मध्ये ते जास्त करून शहरांत आणि सभांत फिरले. सोलापूरच्या एखाद्या हातमागापाशी दोन दिवस बसले असते तर पत्र वेगळं लिहिलं असतं का, असा विचार तुमचा प्रतिसाद वाचून आला.

रानफूल

एक बारीक दुरुस्ती कम भर. सलग खासदार नव्हते ते. १९२३ च्या निवडणुकीत हॉगबिन यांच्याकडून १८६ मतांनी हरले आणि १९२४ ला त्याच हॉगबिनना हरवून परत आले. तीन वर्षांत तीन निवडणुका, समोर तोच माणूस.

आणि अमेरिकेचा प्रसंग राहिला. १९२५ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या शिष्टमंडळाबरोबर ते वॉशिंग्टनला जाणार होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा व्हिसाच रद्द केला. निवडून आलेल्या खासदाराला, त्याची भाषणं आवडत नाहीत म्हणून.

अवांतर : १९८७ मध्ये कीथ वाझ कॉमन्समध्ये निवडून आले, ते गोव्याच्या घराण्यातले. आमच्या म्हापशात त्या वेळी लोक दादाभाईंचं नाव काढत होते. सकलातवालांचं नाव कुणी काढलेलं मला आठवत नाही.

गिरणगावची लेक

रात्री सगळा धागा पुन्हा वाचला. एकच विचारते. तरुणपणी प्लेगच्या वेळी ते मुंबईत होते का? आजीच्या आईकडून आलेल्या गोष्टींत प्लेगची फार दहशत आहे.

थेम्सकाठी

होते, ताई. तेव्हा त्यांचं वय बावीस-तेवीस. १८९६ ला मुंबईत प्लेग आला. प्लेगची लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात ती आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. लोक लशीला घाबरायचे, वस्त्या ओस पडत होत्या, आणि सकलातवाला हाफकिन यांच्या मदतीला वस्त्यांत फिरत होते. त्यांच्या कुटुंबात एक गोष्ट सांगितली जाई. एकदा हाफकिनना भेटायला ते युरोपियनांच्या एका क्लबात गेले, तर हिंदी माणसाला पुढच्या दाराने आत घेणार नाही म्हणून मागच्या बाजूने यायला सांगितलं. प्लेगच्या वस्तीत कुठल्याही खोपटात ज्याला सरळ शिरता येत होतं, त्याला तिथे मागच्या दाराने.

१६ जानेवारी १९३६ ला लंडनमध्ये हृदयविकाराने गेले. त्याच वर्षी स्पेनचं यादवी युद्ध पेटलं. बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला गेलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांच्या तुकडीला सकलातवाला बटालियन असं नाव दिलं गेलं. नाव फारसं रुळलं नाही, पुढे सगळे नुसतं ब्रिटिश बटालियन म्हणत. फेब्रुवारी १९३७ मध्ये स्पेनमधल्या हरामा नदीकाठच्या लढाईत त्या तुकडीचे सुमारे सहाशे जण टेकडीवर गेले. तीन दिवसांनी निम्म्याहून कमी धड उभे होते.

ब्रुकवुडला पुन्हा मार्चमध्ये जाईन, त्यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास. तेव्हा अक्षरं नीट पुसून फोटो काढतो आणि इथेच टाकतो. शेवाळ काढायला मऊ ब्रश आणि नुसतं पाणी घ्यायचं, असं तिथल्या माळ्याने सांगितलं आहे.

मुक्काम सोलापूर

फोटो नक्की टाका. आणि सोबत एक सोलापुरी चादर न्या, मी पाठवतो. मार्चमध्येही तिकडे गारठा असतो म्हणे, दगडापाशी बसायला होईल.